नागपूरच्या महाल भागातल्या काकांकडे बाबांची पेटी दुरुस्त करून घेतली, त्याचा अनुभव (लांब झालंय, पण पेटीवाल्यांनी वाचाच)

आधी कामाचं सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं तेवढ्यातच भागेल. नागपुरात जुनी हार्मोनियम दुरुस्त करायची असेल, भाता गळत असेल, सूर बसले असतील, पट्ट्या अडकत असतील, तर महालात बडकस चौकाच्या मागच्या गल्ल्यांमध्ये एक काका आहेत, घराच्या समोरच्या खोलीतच काम करतात, बाहेर बोर्ड वगैरे काही नाही, त्यांच्याकडे जा. काम एक नंबर. वेळ लागतो. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, आणि अर्धा का कापला ते खाली लिहिलंय. नाव-नंबर टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हटलंय, एकटा माणूस आहे, दिवसभर फोनच घेत बसला तर काम कधी करणार. त्या भागातल्या कुठल्याही जुन्या भजन मंडळात पेटीवाले काका कुठे राहतात म्हणून विचारा, लोक दारापर्यंत आणून सोडतात.

आता सविस्तर.

पेटी बाबांची. १९७९ ची. सव्वातीन सप्तकांची, ३९ पट्ट्या, डबल सुरांची, म्हणजे आत एकूण ७८ सूर (आवाज काढणाऱ्या पितळी जिभांना सूर म्हणतात), प्रत्येक पट्टीला दोन, खर्ज म्हणजे जाड आवाजाचा आणि नर म्हणजे त्याच्या वरचा. सागवानी खोकं, कडेला पितळी कड्या, पुढच्या जाळीवर वेलबुट्टी. बाबा पोस्टात होते, तीन महिन्यांचे पैसे बाजूला काढून त्यांनी ती घेतली होती असं आई सांगते. दर गुरुवारी घरी भजन व्हायचं, तुकडोजी महाराजांची भजनं, बाबा पेटीवर आणि शेजारचे एक काका खंजिरीवर, आणि आम्ही पोरं टाळ घेऊन मागे. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून पेटी दिवाणाखाली होती, जुन्या चादरीत गुंडाळून. यंदा आई म्हणाली की परत गुरुवारचं भजन सुरू करायचं, गल्लीतल्या चार बायका तयार आहेत, पेटी काढ. काढली तर भाता दाबला की नुसती सूं सूं हवा, अर्धे सूर मुके, आणि मधल्या सप्तकातला पंचम तर अजिबातच नाही. पंचम नसलेली पेटी आईसमोर ठेवायची म्हणजे काय, मला त्या दिवशी खरंच रडू आलं.

मग आधी एक चूक झाली ती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. घराजवळ एक दुकान आहे, कीबोर्ड-गिटार विकतात, चकाचक, तिथे दुरुस्ती पण होते म्हणाले. आठ दिवस ठेवून घेतली, १८०० रुपये घेतले, आणि भात्याला बाहेरून रेक्झिनची पट्टी पांढऱ्या गोंदाने चिकटवून दिली. आत उघडून पाहिलंच नव्हतं. घरी आणून दोन दिवस बरी वाजली, तिसऱ्या दिवशी ती पट्टी एका कोपऱ्यातून सुटली. परत नेली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मॅडम आजकाल कोण रिपेअर करतं, नवीन घ्या ना, ऑनलाइन मिळते. त्या पोराचा मला राग नाही आला, त्याला कोणी दाखवलंच नसेल की पेटी उघडतात कशी. पण घरी येताना ऑटोत बसल्या बसल्या मला महालातली जुन्या दुकानांची ती ओळ आठवली.

आमच्या लहानपणी महालात अशा चार-पाच दुकानांची एक ओळच होती. पाटीवर गल्लीला असं काही नाव नव्हतं, आमच्या घरात आम्ही तिला पेटीची ओळ म्हणायचो. एकाकडे पेट्या, त्याला लागून तबला-ढोलकी, मग एक अगदी अरुंद दुकान ज्यात फक्त टाळ, झांजा, चिपळ्या, खंजिऱ्या आणि घुंगरं, आणि टोकाला बुलबुलतरंग आणि बँडवाल्यांचे ट्रंपेट वगैरे. चौथ्या-पाचव्या वर्गात असताना मी बाबांच्या सायकलवर पुढे बसून जायची. गल्लीत शिरायच्या आधीच आवाज यायचा. कोणीतरी तबल्याचे गट्टे ठोकत असायचं, टक टक टक, मध्येच थांबून चाटेवर एक बोट मारून बघायचं, परत टक टक. दुसऱ्या दुकानात कोणी एकच सूर धरून बसलेला, लांबच्या लांब. आणि वास, तो वास मी आजही सांगू शकते, चामडं, पॉलिश, लोखंडाचा कीस आणि शाईसाठी (तबल्याच्या मधला काळा गोल) शिजवलेली खळ, सगळं मिळून.

शाई लावताना मी तिथे तास तास उभी राहिलेय. पुडीवर, म्हणजे तबल्याच्या वरच्या चामड्यावर, खळ आणि लोहकीस मिसळलेला काळा लगदा, सुपारीएवढा घेऊन गोल पसरायचा, मग गुळगुळीत दगडाने घोटायचा, वाळला की परत थर, परत घोटायचा. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा लहान. घोटता घोटता त्या शाईला बारीक बारीक भेगा पडतात, मला वाटायचं बिघडलं, तर ते तबलावाले म्हणाले होते की त्या भेगाच पाहिजेत पोरी, भेगा नाही पडल्या तर तो तबला बोलत नाही.

आणि गिऱ्हाईक कोण कोण यायचं! हे मी मुद्दाम लिहिते, कारण आता नागपुरात अशी एक जागा दाखवा जिथे हे सगळे लोक एका बाकावर बसलेले दिसतील. गावोगावची, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची माणसं खंजिऱ्या घ्यायला. १४ एप्रिलच्या आधी भीमगीतांची मंडळं ढोलकी चढवून घ्यायला. ताजबागच्या उर्साला आलेले कव्वाल, त्यांच्या पेट्या रात्र रात्र वाजून पार खिळखिळ्या झालेल्या असायच्या. तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक असते ना, त्याच्या आधी बँडवाले. आणि दिवाळीच्या सुमाराला वडसा-देसाईगंजकडची झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातल्या नाटकांची) मंडळी, धान निघालं की त्यांच्या नाटकांचा सीझन सुरू होतो, तर त्याआधी तबला, पेटी सगळं ठाकठीक करून घ्यायचं असायचं, घाई एवढी की दुकानातच मुक्काम. भजनवाला कव्वालाला पेटीवर एक जागा दाखवून राहिलाय, झाडीपट्टीवाला ऐकून राहिलाय, दुकानदार चहा सांगून राहिलाय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

खरेदीची पद्धतही अशी की दोन-तीन फेऱ्या व्हायच्याच. बाबांनी ही पेटी घेतली तेव्हा चार पेट्या समोर मांडल्या होत्या म्हणे, चारही एकाच पट्टीत, एकच ओळ चारही पेट्यांवर वाजवायची आणि डोळे मिटून ऐकायचं. बाबांचं मन महागवालीवर होतं, तिला स्केल चेंजर होता, म्हणजे गाण्याची पट्टी वर-खाली करायची सोय. तर मालकच म्हणाले की तुमचा आवाज काळी दोनचा, घरच्या भजनाला स्केल चेंजर काय करता, त्यात बिघाड जास्त, ही साधी घ्या, सूर हिचे गोड आहेत. महाग वस्तू परत फळीवर ठेवून स्वस्त वस्तू हातात देणारा दुकानदार! आणि गोड म्हणजे काय ते तिथल्या तिथे ऐकून कळायचं कारण बाजूलाच दुसरी, कमी गोड पेटी असायची. आता फोनवर फोटो बघून पेटी घेतात, फोटोत सगळ्या सारख्याच चकचकीत. एकच पेटी ऐकून कानाला काय कळणार?

त्याच मालकांकडून बाबांनी ऐकलेली एक गोष्ट ते आम्हाला नेहमी सांगायचे. आकाशवाणीवर १९४० पासून पेटीला बंदी होती, पेटीत मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (सुरांमधले बारीक फरक) नाहीत, परदेशी वाद्य आहे, अशी कारणं. १९७१ मध्ये ती सैल झाली. नागपूर केंद्र सुरू झालं १९४८ मध्ये, म्हणजे पहिली तेवीस वर्षं आपल्या केंद्रावर गाण्याच्या साथीला पेटी नाही. पण मालक म्हणायचे की त्या तेवीस वर्षांत आमची एक पेटी कमी विकली गेली नाही, कारण कीर्तनाला, भजनाला, लग्नाच्या मंगलाष्टकांना, नाटकाला, शाळेच्या प्रार्थनेला पेटीच लागायची. रेडिओनं काढली तरी घरातून पेटी निघाली नाही. आणि रेडिओच्या बंदीला पुरून उरलेली ती दुकानं शेवटी का गेली, हा प्रश्न मला फार छळतो.

मी पाहिलं ते एवढंच की एकेक करून गेली, एकदम नाही. आधी टोकाचं बँडवाल्यांचं. मग खंजिरीवाल्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि त्या दुकानात रेडीमेड कपडे आले. तबलावाले गेल्यावर त्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं. पेटीचं दुकान सगळ्यात शेवटपर्यंत टिकलं, पण शेवटी शेवटी काचेत कीबोर्ड आणि शाळेच्या गॅदरिंगचे ढोलच जास्त दिसायचे, तानपुरा तर फोनमध्येच आला, मग ते पण बंद झालं. पूर्वी म्हणे मिरजेहून तानपुरे यायचे, महाराष्ट्र एक्सप्रेसनं, गवतात बांधून. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ही बातमी वाचली तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच आपल्या ओळीची आठवण पण आली. आपल्याकडे चितार ओळीचं बघा, मूर्तिकारांची ओळ, आजही गणपतीच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि मेट्रो आली तर स्टेशनला चितार ओळी चौक हेच नाव लागलं. नाव होतं, माणसं होती, म्हणून राहिलं. आमच्या ओळीला नावच नव्हतं, त्यामुळे ती गेली हे सुद्धा कोणाला कळलं नाही. माझ्या लेकाला त्या गल्लीत उभं करून दाखवलं तर तो म्हणाला, आई इथे नक्की होतं का?

तर आता काका. ते त्या पेटीच्या दुकानात कारागीर होते, बारा-तेरा वर्षांचे असताना लागले, दुकान बंद झालं तेव्हा मालकांनी हत्यारं त्यांनाच देऊन टाकली. मला हे माहीत नव्हतं, गांधी गेटजवळच्या एका मंदिरातल्या भजनी आजोबांनी सांगितलं. गेले तर दहा बाय दहाची खोली, खाली सतरंजी, भिंतीला लावून सात-आठ पेट्या, प्रत्येकीवर खडूनं गावाचं नाव. उमरेड, काटोल, भंडारा, तुमसर. मी चादर सोडली आणि त्यांनी पेटीवर हात फिरवला, कडी बघितली आणि म्हणाले, ही आपल्याच दुकानची. मग त्यांनी भात्यावरची ती रेक्झिनची पट्टी पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला. "ताई, कोनं लावलं हे? याले सरस लागते. हा पांढरा गोंद लावला की उद्या कोनाले खोलाचं झालं तर लाकूडच फाडाव लागते." (सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना डिंक.)

मला म्हणाले बसा, उघडतो, तुमच्या समोरच उघडतो. वरची फळी काढली, पट्ट्या एकेक करून क्रमाने एका जुन्या टॉवेलवर मांडल्या, आणि मग सुरांची फळी उलटी करून उन्हाकडे धरली. ७८ पितळी जिभा, निम्म्यांवर हिरवट पूड. पंचमाच्या जागेवर त्यांनी डोळा लावला, एक पातळ पत्र्याची पट्टी सुराच्या खाली सरकवली आणि टिचकी मारली तर एक तांदळाचा दाणा बाहेर पडला. पिवळट, एका बाजूला कुंकवाचा लाल डाग. अक्षता! माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात, १९९८ मध्ये, बाबांनी स्वतः मंगलाष्टकांना पेटी वाजवली होती, अक्षतांचा पाऊस पडला होता पेटीवर, आम्ही नंतर झाडून पुसून ठेवली होती. एक दाणा आत राहिला असणार, कुठेतरी कोपऱ्यात पडून असणार इतकी वर्षं, आणि पेटी आडवी-उभी करताना सुरात जाऊन अडकला. काकांनी तो कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिला. काही बोलले नाहीत. तो दाणा मी देवघरात ठेवलाय.

सूर लावणं मात्र मी तीन दिवसांनी जाऊन पाहिलं, त्यांनीच बोलावलं होतं. एक पट्टी दाबली की दोन सूर एकत्र बोलतात, खर्ज आणि नर, आणि दोघांमध्ये केसाएवढा फरक असला तरी आवाज थरथरतो, वांव वांव वांव असा. काका पट्टी दाबतात, थरथर मोजतात, सूर बाहेर काढतात, टोकाशी घासलं की सूर चढतो आणि मुळाशी घासलं की उतरतो, दोन-तीनदा कानस फिरवायची, परत बसवायचा, परत दाबायची. थरथर हळू होते. वांव... वांव... वांव... आणि मग एकदम थांबते. आवाज सरळ होतो, एकाच्या पोटात दुसरा बसल्यासारखा. असं ३९ वेळा. मध्ये एकदा त्यांनी मला विचारलं, झालं का? मी म्हटलं हो. ते म्हणाले, नाही झालं, परत ऐका. आणि खरंच नव्हतं झालं, अगदी शेवटी एक लहर राहिली होती. पन्नाशीला आले मी, पण असं कानाला धरून ऐकायला मला त्या ओळीनंतर कोणी सांगितलं नव्हतं.

अजून एक, हे नागपूरकरांसाठी फार महत्त्वाचं. कूलर! काका म्हणाले की त्यांच्याकडे येणाऱ्या बऱ्याच पेट्या कूलरनं खराब झालेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, लाकूड सुकून आकसतं, सांध्यांतून हवा गळायला लागते, आणि त्याच खोलीत आपण कूलर लावतो, दिवस-रात्र ओली हवा, की पट्ट्या फुगतात, खालच्या स्प्रिंगा गंजतात, पितळ हिरवं पडतं. उन्हाळ्यात सुकणं आणि भिजणं दोन्ही एकाच दिवसात. आमची पेटी सहा वर्षं कूलरच्या खोलीतच होती. उपाय सोपा सांगितला, पेटी कूलर नसलेल्या खोलीत, जमिनीपासून वर, सुती कापडात ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही, आणि आठवड्यातून एकदा तरी वाजवा, पंधरा मिनिटं का होईना, हवा फिरली पाहिजे. तबल्याचं पण तसंच, उन्हात चढतो आणि पावसात उतरतो, झाकून ठेवा आणि कूलरसमोर बसून वाजवू नका. माझा लेक नेमका कूलरसमोर रियाज करायचा.

खर्च. भात्याला आतून नवीन चामडं आणि सरस, सगळे सूर काढून साफ करून लावणं, अकरा स्प्रिंगा, दोन पट्ट्यांखालचा फेल्ट, आणि तो पांढरा गोंद खरवडायची मेहनत, सगळं मिळून ४२०० रुपये झाले. आधीच सांगितले होते तेवढेच घेतले. ऑनलाइन नवीन पेटी याच्या दुप्पट-तिप्पट पडते, आणि माझ्या मावसबहिणीनं मागवली होती तिचे सूर आल्या दिवसापासूनच थरथरत होते, ती पण आता काकांकडेच आहे, खडूनं वर वर्धा लिहिलेलं.

आता कापलेला अर्धा स्टार. त्यांनी पंधरा दिवस सांगितले आणि सव्वा महिना लागला. दोनदा मी प्रतापनगरहून चक्कर मारली आणि तयार नव्हती, आणि एकदा तर दार बंद. आईनं गुरुवारचं सांगून ठेवलेलं, बायका येऊन गेल्या आणि पेटी नाही, तिला फार वाईट वाटलं. काकांना मी हे तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले हात आता पहिल्यासारखे चालत नाहीत ताई. चूक ती चूकच, पण तुम्ही जाल तर तारीख ठरवून बसू नका, लग्न किंवा सप्ताह तोंडावर असेल तर दोन महिने आधीच द्या. पैसे रोख लागतात, बिल मिळत नाही. गाडीवर पेटी नेऊ नका, ऑटोत मांडीवर घेऊन जा, खाली जाड सतरंजी. सोमवारी बंद असतं.

शिकायला कोणी येतं का विचारलं मी. एक मुलगा येतो म्हणाले, कॉलेजातला, शनिवारी, स्वतः कीबोर्ड वाजवतो आणि पेटी आतून बघायची आहे म्हणून येतो. सध्या त्याला फक्त पट्ट्या काढून क्रमाने टॉवेलवर ठेवायला दिल्यात, सुराला अजून हात लावू दिला नाही. तुमच्या घरी असा कोणी असेल तर पाठवा, काका नाही म्हणत नाहीत.

पेटी मागच्या मंगळवारी घरी आली. आईनं लगेच वाजवली नाही, आधी हळद-कुंकू लावलं, मग भाता उघडला आणि सरळ पंचमावरच बोट ठेवलं, आणि बराच वेळ ते बोट उचललंच नाही.

तबला पुढच्या आठवड्यात नेतेय. पुडी बदलायची आहे, ते काम काका करत नाहीत, पण इतवारीतल्या एका तबलावाल्यांचा पत्ता त्यांनी दिलाय, तिथे जाऊन आले की लिहिते.